गोळीतलं दूध

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

बरोबर या वेळेला, अनसिंगच्या समाजमंदिरात, चोवीस माणसांच्या देखत माझा अपमान करण्यात आला. वेळ लिहून ठेवते, कारण नंतर लोक म्हणतात असं काही झालंच नव्हतं.

प्रसंग: 'हिरवं ताट' गटाची स्थापना. उद्देश वजन कमी करणं. बारा आठवडे ताटात फक्त झाडाचं. दूध, दही, तूप, अंडी, मटण बंद. कल्पना सरकारी दवाखान्यातल्या पौर्णिमाची. नवीन आरोग्य अधिकारी, वय एकोणतीस, केस मोकळे सोडून फिरते. ती अध्यक्ष. वजनाची वही बाबूसिंगकडे. हा एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर, याला स्वतःच्या पोटापलीकडचं स्टिअरिंग दिसत नसे. पाककृती विमलबाईकडे. आणि मी, प्रियदर्शनी इंगोले, नागपूरच्या कॉन्व्हेंटची, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त, चौतीस वर्षं सेवा, मला काय दिलं? 'प्रोत्साहन'.

पौर्णिमा म्हणाली, इंगोले मॅडमचा आवाज मोठा आहे, त्या सगळ्यांना प्रोत्साहन देतील. सगळे हसले. एकट्या लिलाबाईने टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या, हेच जास्त लागलं.

ठीक आहे. असं प्रोत्साहन देईन की नको म्हणतील.

दवाखान्याच्या काट्यावर माझं वजन ८१.४. हाडं जड आहेत. वडिलांचीही होती.

सोमवार, ६ जानेवारी. पहाटे ५.०५.

ग्रुपवर पहिला मेसेज टाकला: 'उठा. झोपून चरबी वितळत नाही, फक्त गादी दबते.' नऊ वाजेपर्यंत एकच अंगठा आला. लिलाबाईचा.

तिला वाचता येत नाही. सून सुचिताने शिकवलंय, मॅडमचं नाव दिसलं की अंगठा दाबायचा. लिलाबाई शेजारीच राहते. नवरा पुंजाजी गेल्यापासून भाजीचा मळा मुलगा बघतो, पण निंदायला अजून हीच जाते. रोज संध्याकाळी सहाला माझ्या ओट्यावर येऊन बसते, पदरात काहीतरी असतं, मेथी, दोन वांगी. मी बोलते, ती ऐकते. माझे यजमान रविकांत गेल्यापासून सहा वर्षं हे चाललंय. माझा मुलगा धम्मरत्न पुण्याहून रविवारी फोन करतो, चार मिनिटं.

गटातही ती माझ्यामुळेच आली. मी विचारलं, तुमचं तर काही फार वजन नाही. छासष्ट. तर म्हणाली, "तुमी जाता तं मीबी येतो. घरी बसून काय करू." शुगर आहे तिला. दवाखान्याची गोळी घेते, सकाळ-संध्याकाळ, पदराच्या गाठीत बांधून ठेवते.

ठरवलं: आजपासून ग्रुपवरचं सगळं रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायचं.

गुरुवार, ९ जानेवारी.

गटात बेशिस्त. विमलबाई विचारते, "साखर काहून बंद? साखर उसाचीच होते न. ऊस झाड नाई तं काय म्हैस हाय?" बाबूसिंग म्हणाला, मोहाची तर फुलाची असते, तिच्यावर काय निर्णय आहे. पौर्णिमा मीटिंगमध्ये होती म्हणून निर्णय मीच दिला. साखर बंद, गूळ चालेल, खजूर चालेल. मोहाची बंद, आणि विचारणाऱ्याने लाज बाळगावी.

बिनदुधाचा चहा करून पाहिला. डोकं धरलं ते दुपारपर्यंत. सकाळी दुधाचा एक कप घ्यायचं ठरवलं. तो आहारात धरणार नाही, औषध म्हणून घेतेय.

मंगळवार, १४ जानेवारी.

विमलबाईकडून तिळाचे लाडू. तीळ झाडाचा, गूळ झाडाचा. नियमात बसतात. सहा.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी १.

अभूतपूर्व यश.

दवाखान्याचा काटा शाळा तपासणीला गेलाय, म्हणून गट सुरू झाल्यानंतरचं पहिलं वजन मुकेशच्या अडत दुकानात केलं, जिथे तूर-सोयाबीनची पोती मोजतात त्या काट्यावर. दोन आठवड्यांत प्रत्येकाचं किमान तीन किलो कमी. विमलबाईचंसुद्धा. माझं ७८.३. लिलाबाईचं ६१.५, सगळ्यांत जास्त घट.

बाबूसिंगने वही मिटली आणि म्हणाला, "म्याडम, हा मुकेशचा काटा हाय. ह्याच्यावर माझी तूरबी बारीक होते." मुकेश गल्ल्यावर बसून हसत होता. मी बाबूसिंगला सांगितलं, ज्यांना स्वतःचं यश पचत नाही त्यांना मोजमापात खोट दिसते. इथून पुढे इथेच वजन करायचं, असा ठराव मांडला. एकमताने मंजूर. विमलबाईने तर काट्याला हात लावून नमस्कार केला.

हे सगळं प्रोत्साहनामुळे. कोणी बोलून दाखवलं नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी. रात्री ८.

आज एक मोठी गोष्ट लक्षात आली. पौर्णिमाला डिग्री असून कळली नाही.

संध्याकाळी लिलाबाईने ओट्यावर बसून पदराची गाठ सोडली, गोळी हातावर घेतली आणि विचारलं, "म्याडम, हे झाडाची असते का?" साधा प्रश्न. असे प्रश्न साध्या माणसालाच सुचतात. मी गाठीतल्या पाकिटावरचं नाव फोनवर शोधलं. माहिती इंग्रजीत होती, म्हणजे गावात ती वाचू शकणारी मीच. घटकांमध्ये स्पष्ट लिहिलंय, लॅक्टोज. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. सिस्टर अगाथाने नववीत शिकवलं होतं, अजून पाठ आहे.

लिलाबाईला सांगितलं, यात दूध आहे. तिने गोळीकडे पाहिलं आणि परत बांधून ठेवली.

ग्रुपवर लगेच मेसेज: 'सदस्यांनी नोंद घ्यावी. अनेक गोळ्यांमध्ये दुधाची साखर असते. ज्यांचं ताट हिरवं, त्यांच्या मुठीत पांढरं काय करतंय?' शेवटचं वाक्य फार चांगलं जमलंय. सात अंगठे, एक हात जोडलेले.

शनिवार, २५ जानेवारी.

सकाळी साडेसातला पौर्णिमाचा फोन. मॅडम, गोळ्यांबद्दल असं लिहू नका, एखादी बंद करून बसेल. मी म्हटलं, मी माहिती दिली, बंद करा असं कुठे म्हटलंय, मेसेज पुन्हा वाच. ती म्हणाली, गोळीत असते ती चिमूटभर असते. मी म्हटलं, नियमात चिमूट लिहिलेली नाही. आवाज चढवला नाही मी. तिने चढवला.

मग तिने स्वतःच ग्रुपवर टाकलं: 'कोणीही कोणतीही गोळी बंद करायची नाही. शुगर, बीपीची तर अजिबात नाही. शंका असेल तर मला भेटा.' माझ्या मेसेजच्या बरोबर खाली. सगळ्यांसमोर.

संध्याकाळी लिलाबाई आली. हरभऱ्याची भाजी आणली होती. माझा पहाटेचा मेसेज वाचून दाखवला, विमलबाईची नाचणीच्या आंबिलीची कृती वाचून दाखवली. बाकी विशेष काही नव्हतं. पौर्णिमाचा एक होता, तांत्रिक.

रविवार, २ फेब्रुवारी.

लिलाबाई ५८. टाळ्या.

बाकीच्यांची घट थांबली आहे. याला प्लॅटो म्हणतात. माझाही प्लॅटो चालू आहे.

लिलाबाईची शिस्त बघण्यासारखी. दोन लिटरची बाटली बरोबर बाळगते, बैठकीत बसल्याबसल्या संपवते. सगळ्यांना उदाहरण म्हणून उभी केली. पाणी कसं प्यायचं ते हिच्याकडून शिका. ती ओशाळून म्हणाली, "काय शिकता माय, घसाच कोरडा पडून राह्यला." नम्रपणा.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

लिलाबाईच्या पायाला मळ्यात तुरीचं धसकट लागलं. चप्पल घालत नाही, किती वेळा सांगितलं. हळद लावून फडकं बांधलंय. म्हटलं, उत्तम, हळद झाडाची.

सुचिता दुपारी आली होती. बारावी, दोन प्रयत्नांत. उंबऱ्यातूनच म्हणाली, "म्याडम, आई रातभर उठून राह्यली. पाच-पाच वेळा. तुमी काय सांगून राह्यल्या तिले?" मी समजावलं की जुनं बाहेर पडतंय, शरीर शुद्ध होतंय. तिने विचारलं, "अन् गोळी? डबी भरेलच दिसते." मी म्हटलं, ते तुझ्या सासूला विचार, मी काय तिच्या गोळ्या मोजत बसू?

सासूला तिने विचारलं असणार. मला परत येऊन सांगितलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी.

किन्हीराजा गावात लग्न. तहसीलमधल्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं, नाही म्हणता येत नाही. पनीर घेतलं नाही. ग्रेव्ही घेतली. ताक एक ग्लास, कारण ऊन होतं. एक म्हणजे तीन.

यजमानाने विचारलं तब्येत कशी. म्हटलं, चोवीस माणसं बारीक केली.

रविवार, १६ फेब्रुवारी.

लिलाबाई ५५.५. बाकी कोणी हललेलं नाही, म्हणून तिला 'आदर्श सदस्य' प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. मजकूर माझा. वाशिमला जाऊन टाइप केलं, लॅमिनेशन केलं. पौर्णिमा लसीकरणाच्या कामात होती, तिला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि मग कल्पना तिची झाली असती.

नाव पुकारलं तेव्हा लिलाबाई भिंतीला टेकून झोपली होती. भर सभेत. विमलबाईने हलवून उठवलं. पुढे येताना दुखरा पाय टेकवत नव्हती. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत लोंबत होत्या. विमलबाई मोठ्याने म्हणाली, "लिलाबाई, तू तं वाळल्या भेंडीवानी झाली व. खाते का नाई काही?" मी तिथल्या तिथे सुनावलं की दुसऱ्याचं बारीक होणं ज्यांना बघवत नाही त्यांनी डोळे मिटावे. विमलबाई म्हणाली, "डोये मिटून कसं चालन, म्याडम. तुमी मिटलेच हाये न." हशा.

प्रमाणपत्र लिलाबाईने उलटं धरलं होतं. मी सरळ करून दिलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

लिलाबाई ओट्यावर आली नाही. कालही नव्हती आली. सुचिताने कुंपणावरून सांगितलं, "पाय सुजला. झोपून हाय." मी म्हटलं, रविवारी वजन आहे, तोवर विश्रांती घेऊ दे.

कोणाला वाचून दाखवायला नसलं की मेसेज लिहायलाही कंटाळा येतो. पहाटेचा टाकला नाही. कोणीही विचारलं नाही का टाकला नाही.

रविवार, २ मार्च. सायंकाळी ५.

सकाळचं आता लिहितेय. दिवसभर बसूनच आहे.

पौर्णिमा नवीन काटा घेऊन आली. म्हणाली, मुकेशच्या काट्यावर आता नाही, जिल्ह्याला आकडे पाठवायचेत. समाजमंदिरात फरशीवर ठेवला, आधी त्यावर पाच किलोचं वजन ठेवून दाखवलं, मग एकेकाला बोलावलं. प्रत्येकाचं तीन किलो वाढलं. एकूण एक. विमलबाई उतरून पुन्हा चढली, चपला काढून चढली, कानातलं काढून चढली. बाबूसिंग वहीत लिहिताना म्हणत होता, "सांगतलं होतं मी. आमची तूर पंधरा वर्स ह्याच काट्यानं खाल्ली." माझं ८२.१. म्हणजे सुरुवातीपेक्षा जास्त. हे मी हाडांबाबत आधीच लिहिलंय.

मग लिलाबाई. सुचिताच्या खांद्याला धरून आली होती. बाबूसिंगने आकडा वाचला आणि परत वाचला. पंचावन्न. सगळ्यांचं वाढलं, तिचं एकटीचं मुकेशच्या काट्यापेक्षाही कमी. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माझ्याशिवाय कोणीच वाजवत नाही हे कळायला थोडा वेळ लागला.

पौर्णिमाने तिला खाली बसवलं. बोट टोचलं, मशीन बघितलं, दुसरं बोट टोचलं. चारशे ऐंशी. पायाचं फडकं सोडलं. मला वाटलं वास बाहेरच्या नालीचा आहे. अंगठा आणि शेजारचं बोट काळं होतं.

पौर्णिमाने विचारलं, आजी, गोळी घेता ना? लिलाबाई म्हणाली, "नाई न बाई. त्यात दूध हाय. बारा आठवडे पाळाचं होतं न, संपलं की घेणार होती." पौर्णिमा म्हणाली, मी लिहिलं होतं की गोळी बंद करू नका, मॅडमच्या मेसेजनंतर लगेच लिहिलं होतं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? लिलाबाईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "वाचला असन म्याडमनं. म्याडम समदं वाचते. मीच इसरली."

मी काही बोलले नाही. अध्यक्ष बोलत असताना मध्ये बोलू नये.

एकशे आठची गाडी पाऊण तासाने आली. वाशिमला, तिथून अकोल्याला नेलं. गाडीचं दार लावताना सुचिताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवार, ३ मार्च.

सगळ्या बाजूंनी विचार केला. एक, मी बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन, ती प्रौढ स्त्री आहे. तीन, चप्पल घालत नव्हती. चार, सुचिताला डबी भरलेली दिसली होती, तिने काय केलं? पाच, लॅक्टोज खरोखरच होतं.

पाचही मुद्दे पक्के आहेत. सहाव्यांदा वाचले.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी ३.

२४ जानेवारीचा मेसेज काढून टाकायला गेले. आता सगळ्यांसाठी काढता येत नाही, त्याची मुदत दोन दिवसांचीच असते म्हणे. फक्त माझ्यापुरता काढता येतो. काढला. माझ्या फोनवर आता तिथे काही नाही. बाकी तेवीस फोनवर आहे.

खाली पौर्णिमाचा मेसेज होता. तो ठेवला. नंतर तोही माझ्यापुरता काढला.

गुरुवार, ६ मार्च. रात्री ८ वाजून १४ मिनिटं.

मला गटातून काढण्यात आलं. पूर्वसूचना नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, म्हणणं मांडायची संधी नाही. चौतीस वर्षांत मी तलाठ्यालासुद्धा असं वागवलं नाही.

बाबूसिंगला फोन केला. तो म्हणाला, "मतदान घेतलं म्याडम. मी तुमच्या इरुद्ध हात वर नाई केला." मी विचारलं, बाजूने? तो म्हणाला, "बाजूनं कराचा हात नव्हताच ठेवला त्यायनं." मग घसा खाकरून सांगितलं, लिलाबाईची दोन बोटं काढली. शुगर खाली येतेय, पण काळं पायात वर चढून राह्यलं.

मंगळवार, ११ मार्च.

सकाळच्या बसने अकोल्याला गेले. नारळपाणी नेलं होतं. वॉर्डच्या दारात सुचिता बसलेली. उठली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "आई झोपली हाय."

झोपली नव्हती. सुचिताच्या खांद्यावरून दिसत होतं. डोळे उघडे, छताकडे. चादरीचा आकार एका बाजूला पायापाशी सपाट होता. घोट्याच्या वरून काढलाय. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, सुचिता, मला दोन मिनिटं बोलायचंय. तिने आवाज न चढवता विचारलं, "काय बोलता? वाचून दाखवाले आल्या का?" मी म्हटलं, असं बोलू नकोस, मी सहा वर्षं तिची... पुढचा शब्द सुचला नाही. इंग्रजीतही सुचला नाही. तिने नारळ बघितला आणि म्हणाली, "हे घेऊन जा. हिले काय द्याचं थे आता डॉक्टर सांगते."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, नारळ कोणासाठी. मी म्हटलं, माझ्यासाठी. अनसिंगपर्यंत हातातच राहिला.

सोमवार, १७ मार्च.

सुचिताला सगळं कळलंय. कसं, ते विमलबाईकडून समजलं. तिने पौर्णिमाचा मेसेज सासूला दवाखान्यात वाचून दाखवला आणि विचारलं, हा ऐकल्याचं आठवतंय का? लिलाबाई म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली, "म्याडमच्या ध्यानातून गेला असन."

विमलबाई हे सांगून माझ्या तोंडाकडे बघत बसली. चहा विचारला तर नको म्हणाली.

ध्यानातून गेला नव्हता. हे इथे लिहितेय, इथे कोणी वाचत नाही.

रविवार, २३ मार्च.

लिलाबाई घरी आली. काल दुपारी. रिक्षातून मुलाने उचलून आत नेलं. मी खिडकीत होते. तिला कुबड्या दिल्यात, पण अजून टेकवत नाही.

संध्याकाळी ओटा झाडला, बसले. पलीकडून आवाज येत होते, भांड्यांचे, नातवाचे, एकदा तिच्या खोकल्याचा. सात वाजता आत आले.

रविवार, ३० मार्च.

बारा आठवडे पूर्ण. गटाची शेवटची बैठक झाली म्हणे, चौदा माणसं होती. बक्षीस कोणालाही दिलं नाही. पौर्णिमाने सगळ्यांची शुगर तपासली, गोळ्यांची यादी केली, प्रत्येकाकडून वदवून घेतलं की कोण किती घेतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. अध्यक्षांची चूक.

नाही. हे खोडत नाही, पण खरं नाही.

आज चहा बिनदुधाचा घेतला. का ते माहीत नाही. आता कोणी मोजत नाहीये.

गुरुवार, ३ एप्रिल.

कुंपणापाशी उभी राहून हाक मारली. लिलाबाई. एकदाच. आतलं बोलणं थांबलं. मग सुचिताने खिडकी लावली. जोरात नाही, हळूच लावली.

रविवार, ६ एप्रिल २०२५. सकाळी १०.

पत्र लिहायचं ठरवलं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोस्टमन माझ्या दारावरून पुढे जाऊन शेजारच्या घरी देईल, त्याला काय वाटायचं ते वाटू दे. कच्चा मसुदा इथे करते. तीन मसुदे फाडले, कारण तिन्हींत लॅक्टोज आलं होतं.

प्रति, श्रीमती लिलाबाई, मुक्काम अनसिंग.

विषय: दिनांक २५ जानेवारीचा न वाचलेला मेसेज.

वरील विषयास अनुसरून कळवते की त्या दिवशी सायंकाळी तुम्ही माझ्या ओट्यावर आलात. हरभऱ्याची भाजी आणली होती. पौर्णिमाने त्या दिवशी लिहिलं होतं की शुगरची गोळी कोणी बंद करायची नाही. तो मेसेज माझ्या हातात उघडा होता. मी त्याच्या आधीचा वाचला आणि नंतरचा वाचला. तो वाचला नाही. ती मला सगळ्यांसमोर बोलली होती म्हणून वाचला नाही. तुम्ही विसरला नव्हतात. सभेत तुम्ही विसरले म्हणालात तेव्हाही मी गप्प राहिले.

हे पत्र तुम्हाला सुचिता वाचून दाखवील. तिला विनंती की पूर्ण वाचावं, मधलं काही गाळू नये. माझ्याबद्दलचं तर मुळीच गाळू नये.

मला तुमच्याकडे यायचं आहे. काही वाचायला आणणार नाही. बोलणारही नाही, तुम्हाला बोलायचं असेल तर ऐकेन, नसेल तर बसून राहीन. यावं की येऊ नये, एवढं एका शब्दात कळवावं. येऊ नये असं असेल तर तेही चालेल, पण कळवावं, कारण खिडकी लावणं हे उत्तर मला समजत नाही.

उत्तर लेखी हवं. अंगठा उठवला तरी चालेल, सुचिताने त्याखाली शब्द लिहावा. रविवार दिनांक १३ एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत.